सोडलेला धडा

१२ जानेवारी, सोमवार

आज सकाळी मी एक सही केली. घाईत केली. वावगं काही नव्हतं, तरी दिवसभर कुठेतरी टोचतंय, म्हणून लिहायला बसलो.

देवापुढे दिवा लावून नेहमीसारखा निघालो. परीक्षा मंडळाच्या जिन्यातच गोपनीय शाखेच्या बाईंनी गाठलं. आमच्याकडे बायका अधिकारी बऱ्याच आहेत, पण नुसतं 'मॅडम' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे याच येतात. म्हणाल्या, "गणिताचे वाचक दवाखान्यात आहेत. ऑपरेशन. त्यांचं काम तुम्ही करा."

"मॅडम, यंदा माझं नाव नव्हतं—"

"आता आहे. चला."

यंदा नाव नाही म्हणून किती हलकं वाटत होतं! अर्हतेच्या नव्या नियमांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा हे ओझं उतरलं होतं. घरीही सांगून टाकलं होतं, यंदा मी मोकळा. शालान्त परीक्षेचा पेपर कुणीतरी काढतो, आणि छापायला जायच्या आधी एक जण बंद खोलीत बसून तो अभ्यासक्रमाशी ताडून बघतो. कुठला प्रश्न कुठल्या धड्यातला, मुलांना तेवढं शिकवलेलं असतं का, बाहेरचं काही घुसलंय का. तो वाचक. काम साधं. भीती मोठी.

आधी सही. 'माझ्या घरातील वा जवळच्या नात्यातील कोणीही यंदा या परीक्षेस बसत नाही.' साक्षीदार म्हणून भूगोलला बोलावलं होतं. आम्ही विषयाच्या नावानेच एकमेकांना हाका मारतो. तो भूगोल, मी गणितराव. तो म्हणाला, "करा हो सही! पन्नाशीला टेकलात. तुमच्या घरात आता परीक्षेला कोण बसणार, वहिनी?"

सगळे हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत.

मग फोन काढून घेतला, दार बाहेरून लावलं. आत एक टेबल, एक पेन्सिल, पाण्याचा तांब्या. पेपर चांगला काढलाय. एका प्रश्नावर तर मी उगाच थांबून राहिलो, इतका देखणा. वाचता वाचता लहानपणचं गाव डोळ्यांपुढे आलं. पण तो प्रश्न लिहिणार नाही. इथेही नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

वाचक कोण, हे घरीही सांगायचं नसतं. ही समजते आहे की मी मोकळा. समजू दे.

१६ जानेवारी, शुक्रवार

 

दुपारी वीज गेली, मंडळातून लवकर सोडलं. घराच्या दाराशी आलो, किल्ली काढत होतो, तर आतून मुलीचा आवाज. करड्या मास्तरणीसारखा. "पुन्हा. न बघता." आणि मग हिचा आवाज. एकेक शब्द जपून टाकत, ओल्या फरशीवरून चालल्यासारखा: "वर्गसमीकरण... अ एक्स वर्ग... अधिक ब एक्स..."

"अधिक क. आई, क विसरतेस दर वेळी!"

"क बिचारा शेवटी उभा असतो गं, लक्षात राहत नाही."

दोघी हसल्या. मलाही हसू आलं. पहिल्यांदा वाटलं, लेक आईची गंमत करतेय. मग ही म्हणाली, "परीक्षेत विसरले तर? सगळं पाण्यात जाईल."

परीक्षेत.

किल्ली हातातून पडली. आवाज झाला म्हणून मुलीने दार उघडलं. तिच्या मागे ही उभी, पदराला हात पुसत, चोरी पकडल्यासारखी. जमिनीवर गणिताचं पुस्तक. दहावीचं. आमच्याच मंडळाचं, आतल्या पानावर अभ्यास समितीत माझं नाव असलेलं.

"हसू नका हं," ती म्हणाली.

हसतोय कसला! मी म्हटलं, "कधी बसतेयस?"

"याच खेपेला. बाहेरून. तुम्हाला निकालानंतरच सांगणार होते."

मी पुस्तक उचलून मिटून ठेवलं. तिला वाटलं, मला आवडलं नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. काय बोलणार? तिला कौतुकाने काही म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून दुसरंच काही बाहेर पडेल असं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

आज सगळं सांगितलं तिने. भाजी निवडत, माझ्याकडे न बघता.

ती दवाखान्याच्या पाळणाघरात मदतनीस आहे, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. लग्न झालं तेव्हा आठवीपर्यंत शिकलेली. गेल्या वर्षी त्यांच्याकडे पत्रक लागलं: जूनपासून पाळणाघरात कामाला राहायचं तर शालान्त परीक्षा उत्तीर्ण हवी. तिने मला विचारलंही होतं तेव्हा. मी म्हटलं होतं, बघू, मुदत वाढेल.

मुदत वाढली नाही. वाढणार नाही हे मला कुणापेक्षाही आधी कळलं होतं, कारण तो नियम आमचा. टिपणी माझ्या हातची. 'केवळ अनुभव हा अर्हतेस पर्याय मानता येणार नाही.' हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला राज्यभरची पाळणाघरं दिसत होती, आपलं घर दिसलं नाही. आणि वाक्य चूक आहे असं आजही म्हणवत नाही. ज्याच्या हाती तान्ही मुलं द्यायची त्याला औषधाच्या बाटलीवरचं वाचता यायला हवं. हिला येतं. पण येतं हे नुसतं मी म्हणून भागत नाही. म्हणून तर परीक्षा.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिथे. उद्या पास झाले तर लोक म्हणतील, साहेबांची बायको. नापास झाले तर तुमच्या ऑफिसात हसं. आणि यंदा ते पेपराचं काम तुमच्याकडे नाही म्हणालात ना? म्हटलं, बसायचं तर हीच खेप."

हीच खेप! माझ्याच शब्दावर विसंबून.

पाळणाघरातल्या आणखी दोघी बसताहेत. बाळं झोपली की तिघी पुस्तकं काढतात. एका मांडीवर बाळ, एका मांडीवर इतिहास. बाकी विषयांची भीती नाही म्हणाली. "गणित तेवढं अंगावर येतं. तुमचंच आहे ना ते, तुमच्यासारखंच, मनातलं काही सांगत नाही."

१९ जानेवारी, सोमवार

भाषावाले आठवतात. माझ्या आधीच्या पिढीतले. त्यांनी सही केली होती आणि पुतण्या परीक्षेला बसला होता. खेड्यातला पुतण्या, वर्षानुवर्षं भेट नाही, त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. निकालानंतर कुणीतरी खोडसाळपणे कळवलं. पुतण्याचं प्रमाणपत्र रद्द. पुन्हा कधीच बसायचं नाही. भाषावाल्यांचं नाव परिपत्रकात छापून प्रत्येक शाळेत पाठवलं, शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लागलं. ते पुढे बरीच वर्षं नोकरीत होते, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. मीही नाही बसलो.

हिचं नाव असं भिंतीवर लागलं तर?

सांगावं, तर ही खेप जाते आणि जूनमध्ये पाळणाघर जातं. न सांगावं, तर भाषावाल्यांची वाट. देवापुढे बसलो. नेहमी मोठ्याने नाव घेतो, आज मनातल्या मनातच घेतलं. स्वतःच्या आवाजाचीच भीती वाटायला लागली आहे.

२१ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. नवी नवरी पहिल्यांदा सासऱ्यापुढे चहा ठेवते तशी वही ठेवली. "एवढं एक सांगाल का? यात कुठे चुकतंय?"

मी वहीकडे बघितलंच नाही. बघितलं असतं आणि पेपरातलंच काही निघालं असतं तर? 'हे कर' म्हटलं तरी गुन्हा, 'हे सोड' म्हटलं तरी गुन्हा. भुवई उडाली तरी तिला कळेल. इतक्या वर्षांत ती माझ्या भुवईवरून भाजीत मीठ किती हे ओळखते.

"मला कामं आहेत," म्हणालो. आणि उठलो!

मुलीचा आवाज मागून आला. ती नोकरीला लागल्यापासून माझ्याशी बरोबरीने बोलते. "बाबा, साऱ्या जगाच्या पोरांनी काय शिकायचं ते तुम्ही ठरवता. स्वतःच्या बायकोला अर्धा तास नाही?"

"राहू दे गं," ही म्हणाली. "साहेबांची वेळ घ्यायला हवी होती आधी."

तिने ते हसत म्हटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शनिवार

जे होऊ नये ते झालं.

सकाळी चहा देताना ही सहज म्हणाली, "काल झोपेत बडबडत होतात."

मला ती सवय आहे. लहानपणापासून. आई म्हणायची, हा दिवसभराचं सगळं रात्री ओकतो. पण गेल्या काही वर्षांत कमी झालं होतं. कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच.

"काय बडबडत होतो?"

तिने दोन शब्द सांगितले. ते इथे लिहीत नाही. एक गावाकडचा साधा शब्द. दुसरा वर्तुळाच्या धड्यातला.

तो प्रश्न! तोच!

"गाव स्वप्नात आलं असेल," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच.

"असेल," ती म्हणाली. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग कपाखाली सांडलेला चहा पुसला आणि आत गेली.

अजून काय काय बोललो असेन? पूर्ण प्रश्न? आकडे? तिला विचारायची सोय नाही. 'आणखी काही बोललो का?' असं विचारलं की झालं, उत्तरच हातात दिल्यासारखं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून काम केलं, आणि कुलूप रात्री आपोआप उघडतंय. याला काय करावं माणसाने? तोंडाला फडकं बांधून झोपावं?

२५ जानेवारी, रविवार

पाठ दुखतेय म्हणून सांगितलं आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. सकाळी मुलगी म्हणाली, "आधी अभ्यासाला नाही, आता खोलीतही नाही. आईने काय फक्त परीक्षेला बसायचं ठरवलंय की घटस्फोटाला?" हिने तिला दटावलं. पण स्वतः काही म्हणाली नाही. 'पाठीला शेक देऊ का' एवढंही नाही. ती अशी नाही.

आणखी एक. तिची कंपासपेटी टेबलावर असायची. मुलीची जुनी, झाकणाला पोचा आलेली. आज बघितलं तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. तिने मुद्दाम स्टूल घेऊन ठेवली असणार.

का? वर्तुळाचं सगळं घोटून झालं म्हणून? जे हवं ते मिळालं म्हणून?

असा विचार मनात आला याचीच लाज वाटली. पण आला खरा. दिवसभर ती डब्यामागची पेटी मला दिसत राहिली.

२७ जानेवारी, मंगळवार

भूगोलला विचारलं. म्हणजे आडून विचारलं. कँटीनमध्ये, शेवटच्या टेबलाशी.

"समजा, एखाद्या वाचकाला सही केल्यावर कळलं, की घरातलं कोणी बसतंय—"

तो चमच्याने चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "समजा म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत, गणितराव. समजा म्हटलं की समजायचं, झालंय."

मी दाराकडे बघून घेतलं.

"हे बघा. दर विषयाचे दोन संच असतात, तुम्हाला माहीत आहे. दुसरा कुलपात. त्याचा वाचक वेगळा. पण पहिला छापून झालाय. पुढच्या मंगळवारी पाकिटं केंद्रांवर निघणार. निघाल्यावर कुणी तोंड उघडलं तर परीक्षाच पुढे ढकलावी लागेल. लाखभर पोरं तुमच्या त्या समजाच्या नावाने खडे फोडतील. म्हणून त्या समजाला सांगा, डोळे मिटून बस. त्या घरातल्या माणसाला किती मार्क मिळणार आहेत असे? काठावर पास. कुणाचं काय जातं?"

"आणि पाकिटं निघायच्या आत सांगितलं तर?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा गेली चेहऱ्यावरची. हळूच म्हणाला, "वहिनी?"

मी मान खाली घातली. त्याने कप सरकवला. "अरे देवा. आणि मीच बोललो होतो की ते. मी साक्षीदार आहे, गणितराव. माझीही सही आहे तिथे." आणि उठून गेला. चहा अर्धा तसाच.

संध्याकाळभर गावची शाळा आठवत होती. एकच खोली, चार इयत्ता, चार भिंतींकडे तोंड करून बसलेल्या. मास्तर एक. पावसात छप्पर गळायचं तेव्हा पाट्या डोक्यावर धरायचो. परीक्षेचा पेपर मात्र शहरातून यायचा, लाखेने बंद केलेला. मास्तर तो आमच्या सगळ्यांसमोर फोडायचे. आधी पाकीट हवेत धरून चारी बाजूंनी दाखवायचे. म्हणायचे, "बघून घ्या. हाच पेपर आत्ता, याच घटकेला, मोठ्या शाळेतली पोरं उघडतायत. त्यांनी आधी बघितला नाही, तुम्ही नाही, मीही नाही." त्या एका गोष्टीवर मी खेड्यातून इथपर्यंत आलो. वशिला नव्हता, इंग्रजी नव्हतं, पायात चप्पल नव्हती. लाख होती.

आणि आता ती लाख माझ्याच घरात फुटलीय.

२९ जानेवारी, गुरुवार

मॅडमच्या दाराशी दोनदा गेलो.

पहिल्यांदा आत कुणीतरी होतं, तेवढंच निमित्त पुरलं. दुसऱ्यांदा आत गेलो. त्यांनी मान वर केली. "बोला." त्यांच्या मागे ते लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मॅडम, शनिवारी रजा मिळेल का?"

"शनिवारी सुट्टीच आहे."

"हो. तेच. धन्यवाद."

बाहेर आलो तर घामाने सदरा पाठीला चिकटलेला. भूगोल पलीकडून बघत होता. तो आता माझ्या टेबलाकडे येत नाही. नमस्कार लांबून. भाषावाल्यांना असंच वाटत असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

देवा, मला धीर देऊ नकोस हवं तर. नुसतं सोमवारी जिन्यावरून मागे फिरू देऊ नकोस.

१ फेब्रुवारी, रविवार

मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी ठरवलं होतं, मॅडमना सांगायच्या आधी हिला सांगायचं. तिची परीक्षा, तिची नोकरी. तिला भिंतीवरून कळायला नको.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो. सुरुवात कशी करायची ते घोकून ठेवलं होतं, सगळं विसरलो. म्हणालो, "तुला एक सांगायचंय. रागाव, पण ऐकून घे."

"पेपर तुम्ही वाचलाय," ती म्हणाली.

घडी घालायची थांबलीही नाही.

"तुला कुणी—"

"कोण सांगणार? झोपेत बोललात त्या दिवशी कळलं. नुसत्या शब्दांवरून नाही कळलं. कपाचा आवाज झाला ना सकाळी, त्यावरून. तुम्ही कधी कप आदळत नाही." मग पुढचा कपडा उचलत, "दर वर्षी त्या कामाच्या दिवसांत तुम्ही असेच असता. देवाचं नावही तोंडातल्या तोंडात. मी कधी विचारलं नाही. यंदाही दिसत होतं, पण म्हटलं, तुम्ही तर नाही म्हणालात. म्हणजे मलाच नीट बघायचं नव्हतं."

"आणखी काय ऐकलंस?" मी शेवटी विचारलंच.

"तेवढेच दोन शब्द. दुसऱ्या रात्रीपासून मी कानात कापूस घालून झोपते."

ती बाजूच्या खोलीत कानात कापूस घालून, मी इकडे पाठदुखीचं सोंग घेऊन! म्हणून पाठीला शेक विचारला नाही. सोंग तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"आणि कंपासपेटी?" मी म्हटलं. "फळीवर का ठेवलीस?"

तिने हातातली घडी मांडीवर ठेवली. "वर्तुळाचा धडा मी सोडून दिला. सगळाच. त्यातला कुठला प्रश्न ते मला माहीत नाही, म्हणून सगळाच सोडला. पेपरात आला तर तेवढी जागा कोरी ठेवीन. बाकीच्यावर निघाले तर निघाले. पाळणाघरातल्या दोघींनी विचारलं, वर्तुळ का करत नाहीस? म्हटलं, डोकं गरगरतं."

ज्या पेटीवरून मी तिच्यावर संशय घेतला, ती पेटी तिने स्टुलावर चढून एवढ्या उंच ठेवली होती, सहज हात जाऊ नये म्हणून.

"तेवढ्याने भागत नाही," मी म्हटलं. "तू कोरं सोडलंस तरी मी बघितलेला पेपर तुझ्यापुढे येणार. उद्या कळलं तर तू कोरं सोडलं होतंस हे कुणी वाचणार नाही. मला सांगावं लागेल. उद्याच. मंगळवारी पाकिटं निघतात."

"मला बसू देतील?"

"माहीत नाही."

"आणि तुम्हाला?"

"तेही नाही."

तिने मांडीवरची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "पाळणाघरात एक नवीन बाळ आलंय. माझ्याशिवाय कुणाकडे झोपत नाही. जूनपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाची सवय लावायला हवी, सुरुवात केली पाहिजे."

रडली नाही. कपडे उचलून कपाटात ठेवले, परत आली, आणि म्हणाली, "मी खूप आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला. लपवायला नको होतं."

"मीही."

"तुम्हाला बंदी होती. मला कुणाची होती?"

मग दिवा लावायची वेळ झाली. पुष्कळ दिवसांनी मी मोठ्याने नाव घेतलं. आवाज कापत होता, तरी घेतलं. भीती गेलेली नाही. जिना डोळ्यांपुढे दिसतोय, तिथून मागे फिरणं किती सोपं आहे तेही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग फोन उचलून छापखान्याला म्हणाल्या, "गणिताची पाकिटं बाहेर काढू नका. दुसरा संच घ्या." मला म्हणाल्या, "या शाखेतून तुमचं नाव आजपासून गेलं. चौकशी होईल. तुमच्या पत्नींना बसता येईल, निकाल चौकशी संपेपर्यंत राखून ठेवला जाईल." जूनच्या आत संपेल का, विचारलं. "सांगता येत नाही."

विहीर. विहिरीभोवतीचा गोल कठडा, आतली-बाहेरची त्रिज्या दिलेली, वरून फरसबंदी किती लागेल ते काढायचं. लिहिलं बघ! तो प्रश्न आता कुणाच्याच उपयोगाचा नाही.

घरी आलो. स्टूल घेतलं, फळीवरच्या डब्यांमागून कंपासपेटी काढली, सदऱ्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली. मग तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "वही आण. कुठे चुकतंय ते बघू."